निलमचा खोटा निबंध

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पाठ करून लिहिलेला निबंध दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. निलम करबटच्या बाबतीत जे झालं त्याच्या मुळाशी माझा हा स्वभाव आहे. लोक म्हणतात, तुम्ही कशाला मनाला लावून घेता मॅडम, तिचं नशीबच तसं. नशिबावर बिल फाडायला लोकांना फार आवडतं. स्वतःवर फाडायची वेळ आली की सगळ्यांच्या पेनातली शाई संपते.

डहाणू तालुक्यातल्या एका कॉलेजात मी तेव्हा तासिकेवर मराठी शिकवत होते. घर चिंचणीला, मागे चिकूची वाडी. दिवसाला दोन तास शिकवायला डहाणूपर्यंत कशाला मरतेस, त्यापेक्षा वाडीत लक्ष घाल, असं माझा भाऊ जतीन रोज ऐकवायचा. मी ऐकत नव्हते. मला शिकवायची हौस होती, आणि हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं आहे, पण ते मोल दर वेळी आपणच चुकतं करतो असं नाही.

निलम जून २०१७ मध्ये पहिल्या वर्षाला आली. तलासरीच्या पुढे गुजरातच्या हद्दीला चिकटलेला तिचा पाडा. तिथून अर्धा तास पायी हायवे, मग टमटमने चारोटी, चारोटीला दुसरी गाडी आणि गंजाडवरून डहाणू. आठच्या तासाला ती साडेसातला हजर असायची, आणि पंधरा मिनिटांवर राहणारी आमची पोरं सव्वाआठला जांभया देत यायची. दोन घट्ट वेण्या, चपचपीत तेल. हजेरीला सगळे बसल्या जागेवरून "येस मॅडम" करायचे. ही उभी राहून "उपस्थित" म्हणायची. बारा वर्षांच्या आश्रमशाळेची सवय. पोरं हसायची, मी त्यांच्यावर ओरडायचे, आणि ती पुन्हा दुसऱ्या दिवशी उभी राहून "उपस्थित" म्हणायची.

ऑगस्टमध्ये स्पर्धेचं पत्रक आलं. मुंबईची एक संस्था जिल्ह्यातल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी निबंध स्पर्धा घेत होती. विषय, 'माझ्या घरातलं माणूस'. अट एकच होती, लिहिलेलं सगळं खरं असलं पाहिजे. पहिला येणाऱ्याला तीन आठवडे जपान, तिथल्या एका कॉलेजात राहून शिकायचं, खर्च सगळा संस्थेचा. आमच्या कॉलेजात विमान म्हणजे डोक्यावरून जाणारी वस्तू. प्राचार्यांनी पत्रक माझ्या हातात देताना म्हटलं, "राऊत मॅडम, नाव काढा कॉलेजचं."

मी सगळ्या वर्गाला निबंध घातला. निलमने दोन पानं लिहून आणली. 'माझे बाबा सकाळी लवकर उठतात. ते मला शाळेत सोडतात. रविवारी ते आम्हाला बागेत फिरायला नेतात.' अक्षर गोल, मोत्यासारखं, आणि मजकूर सरळ गाइडातून उचललेला.

"बाग?" मी भर वर्गात विचारलं. "तुझ्या पाड्यात बाग कुठली गं? मला दाखव तरी."

वर्ग खिदळला. ती खाली बघत उभी राहिली.

"काय करतात बाबा तुझे?"

तिने बाकाची कड नखाने खरवडली.

"खरं लिहून आण. खरं लिहिलंस तरच घेईन, नाहीतर नापास." मी वही तिच्या बाकावर टाकली. टाकली म्हणजे फेकलीच.

आठ दिवसांनी तिने नवा निबंध आणून दिला. चार पानं. मी तो स्टाफरूममध्ये वाचायला घेतला आणि माझा चहा तसाच राहिला. सुरुवात अशी होती: 'माझ्या बाबाचं नाव रघ्या आहे. पण तो कराचीच्या जेलमध्ये आहे आणि तिथं त्याचं नाव लहान्या आहे. लहान्या माझा काका. काका घरी आहे.'

हे प्रकरण बाहेरच्या माणसाला उलगडून सांगायला हवं. आमच्या भागातले कितीतरी आदिवासी गडी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पावसाळा सरला की बोटीचा तांडेल पाड्यापाड्यांतून फिरतो आणि माणसं ठरवतो. तो घराशी बोलतो. या घरातून एक माणूस, त्या घरातून एक. घराने शब्द दिला की घर बांधलेलं. वीटभट्टीला जोडी देतात, लावणीला माणूस देतात, तसाच बोटीला. त्या घरातला कोण, याला कोणी फार महत्त्व देत नाही. शेजाऱ्याचा बैल दुखावला तर आपला जोडायचा, एवढी साधी गोष्ट. २०१६ मध्ये करबटांच्या घरातून धाकटा भाऊ लहान्या जायचा होता. त्याचं बोटीचं कार्ड आधीच्या सीझनचं तयार होतं. पण निघायच्या आठवडाभर आधी तो ताडावरून पडला आणि पाय मोडून बसला. घराने शब्द दिलेला. मग थोरला रघ्या निघाला, लहान्याचं कार्ड खिशात घालून. दोघा भावांच्या चेहऱ्यात फार फरक नव्हता. कार्डावर नाव लहान्याचं, वय लहान्याचं, बायको म्हणून नाव लहान्याच्या बायकोचं, रूपीचं. आपण काही खोटं करतोय असं त्या घरात कोणाच्या मनाला शिवलंही नाही.

पुढच्या फेब्रुवारीत पाकिस्तानी गस्तीने ती बोट पकडली. यादीत नाव आलं, लहान्या जान्या करबट.

हे सगळं निलमने लिहिलं होतं, आणि त्याहून वेगळं एक. दोनेक महिन्यांनी जेलमधून पत्र यायचं. हिंदीत, दुसऱ्या कोणी कैद्याने लिहून दिलेलं. पत्र जेलवाले वाचतात. म्हणून रघ्या ते आपल्या भावजयीला लिहायचा, ती आपली बायको असल्यासारखं. आणि शेवटी विचारायचा, 'भाई की लड़की निलम कौन सी क्लास में है?' उत्तर निलम लिहायची, कारण घरात लिहिता तिलाच यायचं. 'आपके भाई की लड़की बारहवीं पास हो गई है।' खाली सही करायची, 'आपकी रूपी'. निबंधात तिने लिहिलं होतं: 'बाबाला वाचता येत नाही. पण माझं अक्षर तो ओळखतो. माझ्या वहीवर बोट फिरवायची त्याला सवय होती. म्हणून मी पत्रात अक्षर मुद्दाम मोठं काढते.'

मी तो निबंध तीनदा वाचला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे खरं. पण त्याच्याआधी माझ्या मनात काय आलं तेही खरंच सांगते. मनात आलं, हा पहिला येणार. कराचीत बसलेला रघ्या माझ्या मनात आला नाही. मी फक्त शुद्धलेखन तपासलं आणि त्याच दिवशी पाकीट स्पीडपोस्टाने पाठवून दिलं. घरच्यांना विचारलंस का, एवढंही मी तिला विचारलं नाही.

निकाल डिसेंबरमध्ये लागला. निलम करबट, जिल्ह्यात पहिली. प्राचार्यांनी पेढे वाटले, आणि निलमला स्टेजवर बोलावलं तर ती तिथेही हात बांधून उभी राहिली. मी तिला विचारलं, आनंद झाला का. ती म्हणाली, "जपानला भूकंप होतो ना, मॅडम? पुस्तकात होतं." मग जरा वेळाने म्हणाली, "आणि समुद्र पण असेल." तेव्हा मात्र ती हसली. तिचे दात दिसले. सहा महिन्यांत मी तिचे दात पहिल्यांदा पाहिले.

मग संस्थेचे प्रविण सर आले. तिशीतला माणूस, मऊ बोलणारा, अगदी सज्जन. त्यांनी सांगितलं की पहिल्या दहा निबंधांचं पुस्तक निघणार आहे, निलमचा निबंध पेपरातही छापून येईल, आणि पाड्यात जाऊन तिच्या घरच्यांची छोटी फिल्म करायची आहे. "मॅडम, या मुलीचे वडील सुटले पाहिजेत. आम्ही दिल्लीपर्यंत जाऊ," ते म्हणाले. मला अगदी भरून आलं. म्हटलं, आधी मी जाऊन घरच्यांना सांगून येते, एकदम कॅमेरा बघून बिचारे बुजतील.

रविवारी मी गेले. करबटांची दोन घरं एकमेकांना लागून, कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या. अंगणात दोघी जावा वाल सोलत बसल्या होत्या. निलमची आई लाडकी सुकलेली, कमी बोलणारी. काकी रूपी ठसठशीत. निलम पाण्याला गेली होती. मी पेढे दिले. पोरीने कसला निबंध लिहिला, कसलं बक्षीस मिळालं, यांना काहीच माहीत नव्हतं. म्हटलं थांबा, मी वाचूनच दाखवते. आणि मी बया, अगदी आवाज चढउतार करत, रेडिओवर बोलल्यासारखी तो निबंध त्यांना वाचून दाखवायला लागले.

तिसऱ्या वाक्याला रूपीने हातातलं सूप खाली ठेवलं. "हे कुठं लिवलंय?"

"कॉलेजच्या स्पर्धेत. पुस्तकात छापून येणार आहे. पेपरात पण."

"कोण वाचंल?"

"सगळे वाचतील," मी अभिमानाने म्हटलं.

रूपी एकदम उठली आणि मला, पाहुण्या बाईला, घरी आलेल्या मॅडमला, तिने असं काही सुनावलं की ते मी इथे लिहू शकत नाही. अर्धं मला कळलं नाही, पण जे कळलं ते पुरेसं होतं. लाडकीने माझ्यासमोरचा पेढ्यांचा पुडा हळूच बाजूला सारला, जणू तोच फुटणार होता.

तेवढ्यात आतून एक माणूस लंगडत दारात आला. बांधा बुटका, दाढीचे खुंट वाढलेले. मी विचारलं, "तुम्ही लहान्या ना?"

"मी इथं नाय हाय, मॅडम," तो म्हणाला. "मी कराचीला हाय."

तो चेष्टा करत नव्हता. गेलं वर्षभर तो असाच राहत होता. अनोळखी माणूस पाड्याकडे येताना दिसला की मागच्या दाराने शेतावरच्या माळ्यावर जायचा. रोजगार हमीच्या कामावर त्याचं नाव लावायचं नाही, रेशनला त्याने जायचं नाही, दवाखान्यात पाय दाखवायचा नाही. कारण कैद्याला सोडायच्या आधी सरकार त्याच्या गावात तपासणी करतं. पोलीस येतात, विचारतात, हा माणूस इथलाच का, तो बोटीवर गेला होता का. गाव हो म्हणालं की कागद पुढे सरकतो. शेजारच्या पाड्यातल्या दोघांची तपासणी झाली होती, यांची अजून व्हायची होती. आणि पोलिसांना लहान्या घरात भाकर खाताना सापडला, तर कराचीत बसलेला तो दुसरा कोण? इकडचे म्हणणार, आमचा नाही. तिकडचे म्हणणार, खोटं नाव घेऊन समुद्रात काय करत होतास. तांडेलाने एकाच वाक्यात समजावलं होतं, नाव फुटलं तर माणूस गेला.

एवढं साधं. चार पानं तीनदा वाचून मला न कळलेलं.

निलम हंडे घेऊन आली. तिने माझ्या हातातला कागद पाहिला, काकाला दारात पाहिलं, आणि काय झालं ते तिला कळलं. आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. "का लिवलंस?"

निलम आईकडे न बघता माझ्याकडे बघून बोलली. "आश्रमशाळेत बारा वर्षं निबंध लिहिले, मॅडम. कधी कोणी वाचले नाहीत. सर खाली लाल बरोबर करायचे आणि गठ्ठा रद्दीत जायचा. मला वाटलं, तसंच असतं. तुम्ही म्हणालात खरं लिही, नाहीतर नापास."

मी निबंधाची घडी घातली आणि चिंचणीची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी मी प्रविण सरांना फोन केला. निबंध छापू नका म्हटलं. का, त्यांनी विचारलं. कारण सांगता येईना. खासगी बाब आहे म्हटलं. ते म्हणाले, मॅडम, घाबरू नका, प्रसिद्धी मिळाली तर वडील लवकर सुटतील, असंच होतं नेहमी. चांगल्या माणसाला अडवणं किती कठीण असतं ते मला तेव्हा कळलं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. ते म्हणाले, पुस्तक प्रेसला जातंय, फक्त निबंध खोटा निघाला तरच नियमाने काढावा लागेल, आणि हसले.

म्हणजे वाट एकच उरली.

मी निलमला वर्ग संपल्यावर थांबवलं. सगळं सांगितलं. निबंध खोटा होता असं लिहून द्यायचं. बक्षीस जाईल, जपान जाईल, कॉलेजात नाव खराब होईल. "पण दुसरा काही उपाय काढू आपण, दोन दिवस दे मला," असंही म्हटलं. तोंडदेखलंच म्हटलं. तिने दोन दिवस मागितले नाहीत. वही उघडली, पेन काढलं आणि म्हणाली, "सांगा मॅडम, काय लिहू."

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. मी, जिने खरं लिहिलं नाहीस तर नापास करेन म्हणून वही फेकली होती, तीच बाई आता शब्द न शब्द जुळवून तिला खोटं सांगत होती. एका जागी मी म्हटलं, "लिही, 'सदर निबंधातील मजकूर काल्पनिक आहे'."

ती थांबली. "काल्पनिक म्हटलं तर त्यांना आवडेल, मॅडम. गोष्ट म्हणून छापतील. मी खोटं लिहिते."

आणि तिने लिहिलं, 'मी बक्षिसासाठी खोटं लिहिलं.' त्या गोल, मोठ्या अक्षरात.

जानेवारीत संस्थेने तिला समितीसमोर बोलावलं. तीन परीक्षक, प्रविण सर, आमचे प्राचार्य. मी तिच्या शेजारी बसले होते. परीक्षकांतल्या एक बाई चष्म्यातून तिच्याकडे बघत म्हणाल्या, "तुझे वडील कुठे आहेत, बाळ?"

"भिवंडीकडे वीटभट्टीवर आहेत."

"मग कराची?"

"पेपरात वाचलं होतं. शेजारच्या पाड्यातले लोक पकडले होते. मी आपल्या बाबावर घातलं."

"पत्रं? 'आपकी रूपी'?"

"मनाने लिहिलं."

बाईंनी चष्मा काढला. "लोकांचे बाप खरोखर तुरुंगात आहेत, निलम. त्यांच्या दुःखावर तू बक्षीस मिळवायला निघालीस. तुला काहीच वाटलं नाही?"

मला बाकावर उभं राहून ओरडावंसं वाटलं, अहो बाई, तिचाच आहे बाप, तिचाच. मी ओठ चावून बसले. निलम उभी होती, हात बांधून. "चूक झाली," ती म्हणाली. प्रविण सरांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. मनाला लागलं असणार त्यांच्या. दिल्लीपर्यंत जायला निघालेले ते.

जपानला दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा गेला. 'माझे आजोबा: चिकूचे जादूगार' असा त्याचा निबंध होता. त्यातली अर्धी जादू तरी खतांच्या पत्रकातून उतरवलेली होती, आम्हा वाडीवाल्यांना ते लगेच कळतं. असो.

कॉलेजात पोरं तिला 'कराची' म्हणायला लागली. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, या मुलांना डोक्यावर बसवलं की असंच होतं. मी मान डोलावली. तापट बाई मी, एरवी भिंतीशी भांडले असते. पण प्रत्येक वेळी तोंड उघडलं की रघ्या डोळ्यांसमोर यायचा, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं. निलम दुसऱ्या वर्षाला आली नाही. डहाणूच्या एका फुग्यांच्या कारखान्यात लागली. रबराच्या वासाने तिचं डोकं दुखायचं. बाहेरून परीक्षा दे म्हणून मी फॉर्म आणून दिला, तो तिने भरला, एवढंच माझं समाधान.

जुलैमध्ये पोलीस पाड्यात आले. लहान्या आदल्या दिवसापासून डोंगरात होता. रूपीने नवऱ्याचा फोटो म्हणून कार्डाची झेरॉक्स दाखवली आणि पदर तोंडाला लावून रडली. पाड्यातल्या एकाही माणसाने खरं तोंडातून काढलं नाही. सगळ्यांनी सांगितलं, हो, लहान्या आमचाच, बोटीवर गेला तो गेला. कागद बरोबर झाला. निलमने मला कारखान्यातून फोन केला. "झालं, मॅडम. आता येईल बाबा." तिच्या आवाजात त्या दिवशी जो आनंद होता, तो निकालाच्या दिवशीही नव्हता. मला वाटलं, चला, पोरीने काहीतरी देऊन काहीतरी मिळवलं.

मग आम्ही वाट बघितली. एक तुकडी सुटली, त्यात नाव नव्हतं. पत्र आलं, खोकला आहे, बाकी ठीक. पावसाळा गेला. नोव्हेंबरपासून धरणीकंपाचे धक्के सुरू झाले, भांडी खडखडायची, कैनादपासून तलासरीपर्यंत लोक घराबाहेर प्लास्टिकखाली राहायला लागले. एकदा मी पाड्यात गेले तेव्हा करबटांचं सगळं बिऱ्हाड अंगणात होतं, लहान्या सोडून. उघड्यावर राहिला तर सगळ्यांना दिसेल म्हणून तोच एकटा हलत्या भिंतींच्या आत बसून होता.

मार्च २०१९ मध्ये निरोप आला की लहान्या जान्या करबट जेलमध्ये आजारपणाने मरण पावला.

मृतदेह लहान्याच्याच नावाने यायचा होता, नाव फुटलं असतं तर तोही मिळाला नसता; यायला सव्वा महिना लागला. वाघा सीमेवरून गुजरात, गुजरातहून ॲम्ब्युलन्सने तलासरी. मी आदल्या संध्याकाळीच पाड्यात जाऊन राहिले. लहान्याला रूपीच्या माहेरी लपवून ठेवलं होतं. तो नको म्हणत होता, भावाला खांदा तरी देऊ द्या म्हणत होता. पण स्वतःच्याच मयताला तो कसा येणार?

सकाळी ॲम्ब्युलन्स आली, मागे पोलिसांची गाडी, तहसीलची जीप, दोन पेपरवाले. खोकं उतरवलं. रूपी उशाशी बसली. रीतीप्रमाणे तिच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते झालं. तिचा नवरा दहा मैलांवर जिवंत होता आणि ती मोठ्याने रडत होती. आणि खोटं नव्हती रडत, हे मी शपथेवर सांगते. लाडकी बायकांच्या मागे उभी होती. कपाळावर टिकली, हातात बांगड्या. तिला पुढे यायचं नव्हतं, खाली बसायचं नव्हतं. दिराच्या मयताला भावजय जेवढी रडेल तेवढंच तिने रडायचं होतं. ती रडलीच नाही. किती रडायचं ते तिला बेतता आलं नसणार.

तलाठी फॉर्म घेऊन पुढे आला. ओळख पटवायला लिहितावाचता येणारं माणूस हवं होतं. सगळ्यांनी निलमकडे पाहिलं. खोक्याचं झाकण सरकवलं, कापड बाजूला केलं. मी तिच्या मागे उभी होते. मी पाहिलं नाही, माझ्याने झालं नाही. ती वाकली. अडीच वर्षांनी ती त्याला बघत होती. तिचा हात एकदा पुढे गेला आणि मागे आला.

"कोण आहे?" तलाठ्याने विचारलं.

"काका," निलम म्हणाली.

"पूर्ण नाव?"

"लहान्या जान्या करबट."

त्याने लिहून घेतलं. तिने खाली सही केली. नात्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'पुतणी' लिहिलं. तलाठी तसा भला माणूस होता. पेनाला टोपण लावता लावता त्याने आजूबाजूला पाहिलं आणि सहज, आपुलकीने विचारलं, "मयताला सख्खा मोठा भाऊ आहे ना गं, रघ्या म्हणून? म्हणजे तुझे वडील. ते दिसत नाहीत कुठे?"

मागे लाडकीच्या बांगड्या एकदा वाजल्या.

"कामाला गेलेत," निलम म्हणाली. "येतील."